पाच वर्षांनी पुन्हा वॉर्डात

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी ९ वर्षे अतिदक्षता विभागात काम केले. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या विभागात एकापाठोपाठ एक रुग्ण दगावले; त्याच सुमारास सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि मी नोकरी सोडली. आता ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात रुजू झाले आहे. तिसऱ्याच दिवशी माझ्याकडे ६ रुग्ण सोपवण्यात आले. सलाइनच्या पंपाचा अलार्म वाजला की माझे हात थरथरतात. परवा इन्सुलिन भरताना मी सिरिंजच्या टोपणाचा रंग तीनदा पाहिला, तेव्हा शेजारची तरुण सिस्टर म्हणाली, "एवढ्या वेळात चार पेशंटना देऊन झालं असतं." इनचार्ज सिस्टर म्हणतात, "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर अनुभवी." मी पुन्हा घरी बसावे का?

उत्तर : ताई, आधी इन्सुलिनचे पाहू. आपल्याकडे मिलिलिटरमागे ४० युनिटचे आणि १०० युनिटचे, अशी दोन्ही इन्सुलिने वापरात आहेत. पहिल्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते, दुसऱ्यासाठी नारिंगी टोपणाची. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच आकड्याच्या खुणेपर्यंत भरले गेले, तर रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. तुम्ही तीनदा पाहिलेत ते योग्यच केलेत. खरे तर अशा औषधाची सिरिंज दुसऱ्या सिस्टरने पडताळून पाहायची असते, आणि त्या मुलीने बोलण्याऐवजी तेवढे करायला हवे होते.

तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर वाक्य मला "तिसऱ्याच दिवशी" हे वाटले. पाच वर्षांत पंप बदलले, नोंदी कागदावरून संगणकावर गेल्या, औषधांची नावे बदलली. आणि अनुभवी माणसाला काही शिकवावे लागत नाही, असे गृहीत धरले गेले. मेट्रन असताना ही चूक मीही केली आहे. माणसे कमी होती म्हणून बाळंतपणाच्या दीर्घ रजेवरून परतलेल्या सिस्टरला मी पहिल्याच आठवड्यात रात्रपाळी लावली आणि तिच्या गप्प राहण्याला तिची तयारी समजले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी अवस्था म्हटले. म्हणजे ताण हाताळण्याची जबाबदारी एकट्या सिस्टरवर टाकून व्यवस्थापनाला हात झटकता येणार नाहीत.

तेव्हा राजीनाम्याऐवजी मेट्रनकडे लेखी विनंती द्या. निदान चार आठवडे तुमच्यावर स्वतंत्र रुग्णांचा भार नसावा, ठरावीक एका ज्येष्ठ सिस्टरबरोबरच तुमची ड्यूटी लागावी, पंप आणि संगणकावरील नोंदी शांत वेळी शिकवल्या जाव्यात, आणि आठवड्यातून एकदा इनचार्जनी पंधरा मिनिटे बसून काय जमते, काय अडते हे विचारावे, असे त्यात स्पष्ट लिहा. बीएलएसचे, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबलेल्या रुग्णाला तातडीने द्यायच्या प्राथमिक जीवरक्षणाचे, प्रशिक्षणही नव्याने मागून घ्या. पुतळ्यावर छाती दाबण्याचा मिनिटाला १०० ते १२० चा वेग हातात पुन्हा बसला की अलार्मची धास्ती बरीच ओसरते, असा माझा अनुभव आहे. परिचर्या परिषदेकडील नोंदणीची मुदतही एकदा तपासा.

थरथरणाऱ्या हातांविषयी मात्र एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. पंप कसा बंद करायचा हे आठवत नाही म्हणून हात थरथरतात, की तो आवाज ऐकताच २०२१ मधील खाटा डोळ्यांसमोर उभ्या राहतात? पहिले सरावाने जाईल. दुसरे असेल, त्या आठवणींनी झोप उडत असेल आणि हे महिन्याहून अधिक काळ चालले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्याआधी कोणाशी तरी बोलावेसे वाटले तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. आपण सिस्टर लोक दुसऱ्याला हे सहज सुचवतो आणि स्वतःवर वेळ आली की टाळतो.

रात्रपाळी सुरू होईल तेव्हा पहिले काही दिवस स्कूटर घरीच ठेवा. पहाटे चार-पाचच्या सुमारास झोपेचा अंमल सर्वांत जास्त असतो, आणि त्यानंतर ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवून, निघालेल्या माणसाची डुलकी रस्त्यावर लागण्यापेक्षा ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये लागलेली बरी. दिघा गाव गेले की ऐरोली येते. तेवढ्यापुरता मोबाइलवर गजर लावून ठेवा.