पावसात पिकअपच्या पायाखाली साठणारे पाणी: काच काढण्यापूर्वी काउल तपासावे

नमस्कार. पाटणहून भाजी आणताना पाऊस लागला की आपल्या पिकअपमध्ये डाव्या बाजूला पायाखाली पाणी साठते आणि गॅरेजमध्ये पुढची काच काढून नव्याने चिकटवायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. तो खर्च करण्यापूर्वी वायपरखालची काळी जाळी काढून आत पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काचेवरून ओघळणारे पाणी त्या जाळीतून काउलच्या, म्हणजे काचेच्या तळाशी बॉनेटमागे असलेल्या पोकळीच्या, पन्हळीत उतरते आणि टोकांच्या छिद्रांतून फेंडरच्या आतल्या बाजूने जमिनीवर पडते. केबिनमध्ये हवा सोडणाऱ्या पंख्याला, म्हणजे ब्लोअरला, बाहेरची हवा देणारे तोंडही याच पन्हळीत, आपल्याकडच्या गाड्यांत बहुधा डावीकडे असते आणि पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला उंच काठ दिलेला असतो. छिद्रे तुंबली की पाणी चढत जाऊन त्या काठावरून ब्लोअरमध्ये आणि तिथून मॅटखाली उतरते. काचेचा त्यात काहीही दोष नसतो.

मी तासगाव भागात द्राक्षांच्या क्रेटची वाहतूक करतो. मीही आधी काचच चिकटवून घेतली होती आणि पहिल्याच वळवात पायाखाली पुन्हा पाणी आले. जाळी काढली तेव्हा उसाचे पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी, चिंचेचा पाला आणि रस्त्याची धूळ यांचा शाडूसारखा घट्ट गोळा डाव्या छिद्रात बसलेला दिसला. मोठी पाने जाळी अडवते. चिंच, बाभूळ आणि गुलमोहर यांची बारीक पानेच आत जातात, आणि हा थर उन्हाळाभर कोरडा राहत असल्यामुळे पावसाळा लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

खात्री करण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून आधी एका आणि मग दुसऱ्या टोकाला तांब्याने सावकाश पाणी ओतावे. थोड्याच वेळात त्या बाजूच्या पुढच्या चाकामागे धार दिसली पाहिजे. ती उशिरा किंवा थेंबाथेंबाने आली तर छिद्र अर्धे बुजले आहे असे समजावे.

वायपरच्या पात्यांची जागा काचेवर टेप लावून खुणावी आणि मगच आर्म काढावेत. उन्हाने क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून जाळी जोर लावून उपसू नये. गाळ हाताने वर काढावा, खाली ढकलू नये. कॉम्प्रेसरची हवा मारण्याचा मोह टाळावा, कारण निचऱ्याला रबरी नळी असल्यास ती सांध्यातून निसटते आणि मग पाणी भलतीकडेच झिरपू लागते.

पाऊस नसताना केवळ एसी चालवल्यावर पाणी येत असेल, तर एसीची निचरा नळी तपासावी. पाणी चिकट असून गोडसर वास येत असेल, तर ते हीटरमधून गळणारे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, असते. निचरा मोकळा असूनही गळती राहिली, तर काउलच्या सांध्यांवरचे सीलंट पाहावे आणि काचेकडे सर्वांत शेवटी वळावे.

मॅटखालचे नमदे मात्र बाहेर काढून दोन दिवस उन्हात वाळवावे, कारण वरून कोरडे वाटले तरी ते आत पाणी धरून ठेवते आणि पत्रा खालून गंजत राहतो.