घर पाडावे की दुरुस्त करावे?

प्रश्न : बोरिवलीतील गावठाणात आमचे 1978 साली बांधलेले एकमजली घर आहे. स्लॅबचा गिलावा पडतो आहे. मुलाला ते पाडून मनाजोगते नवे बांधायचे आहे; मला डागडुजी पुरेशी वाटते. काय करावे?

उत्तर : आधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घराची तपासणी करून घ्या, तीस वर्षांवरील इमारतींसाठी मुंबईत अशी तपासणी कायद्यानेही अपेक्षित आहे. गिलावा पडतो म्हणजे बहुधा आतली सळई गंजून फुगली आहे आणि तिने भोवतालचे काँक्रीट फोडले आहे. अशा जागी नुसते सिमेंट थापून रंग लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. गंज एखाद्या खोलीच्या स्लॅबपुरता आणि वरवरचा असेल, तर सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप व पॉलिमर मॉर्टर वापरून दुरुस्ती टिकते, मात्र गच्चीची गळती त्याआधी थांबवायला हवी. खांब आणि पायाच कमकुवत निघाले, तर मुलाचे म्हणणे रास्त ठरेल.

तरीही पाडण्याची घाई नको. नवे बांधकाम आजच्या नियमांनुसार मंजूर होते, त्यामुळे रस्तारुंदीसाठी जागा सोडावी लागून घर आताच्यापेक्षा लहानही होऊ शकते, आणि गावठाणातील अरुंद प्लॉटवर हे विशेष जाणवते. वास्तुविशारदाकडून मंजूर होण्याजोगे क्षेत्रफळ लेखी घ्या आणि प्रॉपर्टी कार्डावरील सर्व वारसांची संमती मिळवा. भाऊबंदकी असेल, तर नकाशापेक्षा तिलाच जास्त वेळ लागतो.