म्युनिकला निघण्यापूर्वी: दोन शहरांत मिळून होणाऱ्या बैठकीविषयी

आपण विचारले आहे की, जानेवारीत म्युनिकला जाऊन नऊ जणांचा गट सांभाळायचा आहे, त्यांपैकी पाच जण पवईच्या कार्यालयातच राहणार आहेत, आणि आताच साप्ताहिक बैठकीत दोघेतिघेच बोलतात, तर तिकडून ती कशी चालवावी? गोरेगावातली नोकरी सोडून मला येथे म्युनिकला अकरा वर्षे झाली. पहिली दोन वर्षे माझ्याही बैठका अशाच होत्या, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वेळ ठरवा. हिवाळ्यात मुंबई म्युनिकच्या साडेचार तास पुढे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी येथील घड्याळे एक तास पुढे सरकतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हे अंतर साडेतीन तासांचे राहते. त्यामुळे येथे सकाळी दहाला ठेवलेली बैठक मुंबईत हिवाळ्यात अडीचला, तर उन्हाळ्यात दीडला, म्हणजे ऐन डबा उघडण्याच्या वेळी येते. येथे दुपारी तीनला ठेवली, तर हिवाळ्यात तिकडे साडेसात वाजलेले असतात, आणि ज्याला पवईहून बदलापूरला घर गाठायचे आहे त्याच्याकडून त्या वेळी मन लावून चर्चेची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. मुंबईची अडीचची वेळ कायम ठेवा आणि म्युनिकची वेळ उन्हाळ्यात अकरा करा.

विषयपत्रिकेचे महत्त्व मुंबईकराला नव्याने सांगायला नको. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना चौदा दिवस आधी येते, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय असतात. जर्मन लोकही ‘फेरशीडेनेस’ या नावाने असाच शेवटचा विषय ठेवतात. पण जर्मन नागरी संहितेच्या कलम ३२ नुसार, नोंदणीकृत संस्थेच्या सभेत जो विषय निमंत्रणात नमूद नाही त्यावर केलेला ठराव वैध ठरत नाही. हा कायदा कार्यालयातील बैठकीला लागू नाही, परंतु ती सवय लोकांच्या अंगी मुरलेली आहे. ऐनवेळी काढलेल्या विषयावर निर्णय मागितलात, तर तुमचे जर्मन सहकारी तो पुढच्या बैठकीत घ्या म्हणतील, आणि ते योग्यच असेल.

खरा प्रश्न मौनाचा आहे. माझ्या तिसऱ्याच महिन्यात मी एक वेळापत्रक मांडून ‘कोणाची हरकत?’ असे विचारले. कोणी बोलले नाही. येथील सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ संमती असा घेतला, मीही घेतला. चाचण्या तेवढ्या दिवसांत होणार नाहीत, हे मुंबईतील सर्वांत तरुण सहकाऱ्याला ठाऊक होते. पण त्याचे वरिष्ठ शेजारी बसले असताना तो बोलणार कसा? काम तीन आठवडे लांबले. चूक त्याची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. तेव्हापासून मी आदल्या दिवशी मुख्य प्रश्न लिहून पाठवतो, प्रत्येकाकडून दोन-चार ओळींचे लेखी उत्तर मागवतो आणि बैठकीत सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला प्रथम बोलायला सांगतो. ‘हरकत आहे का’ याऐवजी ‘हे कुठे अडेल?’ असे विचारतो, म्हणजे अडचण सांगणे हा विरोध न ठरता कामाचाच भाग ठरतो. २००४ साली जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनमधील वरिष्ठांच्या बैठकांतून स्लाइड बंद करून आधी सर्वांनी लेखी टिपण शांतपणे वाचण्याची पद्धत आणली. बोलायला बिचकणाऱ्या माणसालाही त्यात विचार करायला अवधी मिळतो, म्हणून पहिली दहा मिनिटे मीही वाचनाला देतो.

म्युनिकच्या चौघांना एका खोलीत बसवू नका. ते आपसांत जर्मनमध्ये दोन वाक्ये बोलतात, हसतात, आणि पडद्यापलीकडचे पाच जण तेवढ्यात परके होतात. प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरूनच सहभागी व्हावे. कोणी काय, केव्हापर्यंत करायचे याचे छोटे इतिवृत्त त्याच दिवशी पाठवावे, आणि ते लिहिण्याची पाळी दोन्ही शहरांत फिरती ठेवावी.

मुंबईच्या सहकाऱ्यांना हेही आधीच सांगून ठेवा की, जर्मन माणूस ‘हे चूक आहे’ असे तोंडावर म्हणतो तेव्हा तो कामाविषयी बोलत असतो, माणसाविषयी नव्हे. आणि निघण्यापूर्वी पवईच्या पाचही जणांशी अर्धा-अर्धा तास एकेकटे बसून, ते बैठकीत कोणासमोर आणि कशामुळे गप्प राहतात, हे विचारून घ्या. पडद्यावरून ते कोणी सांगत नाही.