मुलगी बाकावर बसते, म्हणून हॉकी सोडवायची का?

"मॅडम, पोरगी इतकी चांगली खेळायची. आता मॅचमध्ये तिला निम्मा वेळ बाहेर बसवतात. सरावाला निघायची वेळ झाली की पोटात दुखतं. अकादमी बदलू, की खेळच सोडवू? पुढच्या वर्षी दहावी आहे."

खेळणाऱ्या मुलांच्या मनाच्या अडचणींवर मी त्यांच्याशी आणि पालकांशी बोलते. हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे दर हंगामात येतो. कधी मुलगा असतो, कधी मुलगी, पण काळजी तीच. म्हणून एका कुटुंबाची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मुलीचं नाव मुद्दामच देत नाही.

मुलगी नववीत. आधी तालुक्याच्या गावी शाळेच्या मातीच्या मैदानावर खेळायची, सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आक्रमणात सगळ्यात पुढे. गोल करणारी म्हणून नाव होतं. वडिलांची बदली पिंपरी-चिंचवडला झाली आणि ती टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, सराव घेणाऱ्या एका अकादमीत दाखल झाली. तिथे सरांनी तिला फॉरवर्डवरून काढून राइट हाफला, म्हणजे मागे उजवीकडे मधल्या फळीत, टाकलं. आई-वडिलांच्या लेखी ही पहिली पायरी घसरली. मग मॅचमध्ये बाहेर बसवणं सुरू झालं, आणि मग पोटदुखी. डॉक्टरांकडे जाऊन आले होते, तपासण्या ठीक होत्या. रविवारी सराव नसतो आणि रविवारी पोट दुखत नाही, हे आईच्या बरोबर लक्षात आलं होतं.

मी मुलीशी एकटीशी बोलले. बाकाचा विषय तिने काढलाच नाही. ती एका गोलबद्दल सांगत राहिली. मातीवर चेंडू उसळत, अडखळत येतो. स्टिक उभी धरून तो थांबवायची तिला सवय होती. पाणी मारलेल्या टर्फवर तो सपाट आणि सुसाट येतो, तिथे गुडघे वाकवून स्टिक जवळजवळ जमिनीला टेकवावी लागते. स्थानिक स्पर्धेतल्या एका सामन्यात असाच एक पास तिच्या स्टिकखालून निसटला आणि समोरच्या मुलीने तो सरळ गोलात घातला. सरांनी तिला लगेच बाहेर बोलावलं. बाकावर कुणी सरकून जागा केली नाही. ती टोकाला, गोलकीपरच्या किटबॅगशेजारी बसली. सामना संपेपर्यंत तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.

"ओरडले असते तरी चाललं असतं," ती म्हणाली.

या एका वाक्यात मला तिची पोटदुखी कळली. मुलं हरण्याने खेळ सोडत नाहीत. आपली चूक झाल्यावर आपण अजून या संघातले आहोत की नाही हेच कळेनासं झालं, की त्यांचा पाय मैदानाकडे वळत नाही. संघाची संस्कृती म्हणून जे काही म्हणतात ते मी याच एका ठिकाणी बघते: चूक केलेल्या पोरीच्या वाट्याला पुढची दोन मिनिटं काय येतं?

आई-वडिलांशी बोलताना मात्र आधी बाकावरच बोलावं लागलं. आपल्याकडे खेळ बघायचा डोळा क्रिकेटने घडवलाय. तिथे आउट झालेला फलंदाज परत येत नाही आणि अकरातून वगळलेला दिवसभर पाणी नेतो. हॉकीत तसं नसतं. पेनल्टी कॉर्नर (गोलाजवळच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची खास संधी) चालू असताना सोडलं तर खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, बाहेर गेलेली मुलगी पुन्हा आत येते. मोठ्या स्पर्धांत 15-15 मिनिटांचे 4 भाग असतात आणि तेवढ्या वेळात जगातले उत्तमोत्तम फॉरवर्डसुद्धा काही मिनिटं जीव तोडून पळतात, बाहेर येतात, दम खातात, परत जातात. सलग 60 मिनिटं त्या वेगाने कुणी पळू शकत नाही. वडील प्रत्येक सामन्यात मोबाइलवर वेळ लावून ती किती मिनिटं आत होती ते मोजत होते. गाडीवरून घरी येताना तोच विषय. मी त्यांना ते मोजणं थांबवायला सांगितलं. घरी येताना फक्त भूक लागलीय का एवढं विचारा. सामन्याचा विषय तिने काढला तर ऐका, नाही काढला तर राहू द्या.

वडिलांच्या बोलण्यात भारताचे माजी हॉकी कर्णधार धनराज पिल्ले वारंवार यायचे. खडकीच्या वसाहतीत मोडक्या स्टिक बांधून-चिकटवून खेळलेला मुलगा 4 ऑलिंपिक खेळला, मग हिला नवी कोरी स्टिक देऊन काय अडलंय? ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते याचं मला फार वाईट वाटतं. धनराजचा थोरला भाऊ रमेश स्वतः भारताकडून खेळलेला. तो मुंबईत होता, त्याने धाकट्याला तिकडे नेलं, आणि मुंबईत ज्योकिम कार्व्हालोंसारख्या ऑलिंपियनचं मार्गदर्शन धनराजला मिळालं. गरिबी खरीच होती. पण कुठे कमी पडतोस आणि आता काय कर, हे सांगणारी मोठी माणसंही जवळ होती. आपल्या मुलीला हे कोण सांगतं, असं विचारल्यावर दोघेही गप्प झाले. शासकीय नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण मात्र तिला कुणी ना कुणी आठवड्याला ऐकवत होतं. चौदा वर्षांच्या पोरीच्या स्टिकला आपण घराचं भवितव्य बांधतो आणि मग तिचा हात जड का झाला म्हणून विचारतो.

आणखी एक साधी गोष्ट. वर्षभरात तिची उंची भराभर वाढली होती आणि स्टिक तीच जुनी, आखूड. या वयात हाडं आधी वाढतात, हातापायांचा ताळमेळ मागून येतो. काही महिने कालपर्यंत जमणारं आज जमत नाही. त्यात तिचा जन्म नोव्हेंबरचा. वयोगट बहुधा 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या मुली तिच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड, आणि निवड चाचणीत आधी नजरेत भरतात त्या त्याच. हे सगळं तिला समजावल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसली.

सरांना भेटायचं म्हटल्यावर वडील आधी कचरले. "मानसोपचाराचं प्रकरण आहे म्हणतील." मी सांगितलं, भारताच्या पुरुष संघाने 2023 मध्ये पॅडी अप्टन यांना मनाच्या तयारीसाठी सोबत घेतलं आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधून पदक आणलं. यात लपवण्यासारखं काही नाही.

सर भला माणूस निघाले. नोकरी सांभाळून संध्याकाळी चाळीसेक मुलामुलींना एकटे शिकवतात. राइट हाफला का नेलं, असं विचारल्यावर लगेच म्हणाले, "तिला खेळ दिसतो हो. पास कुठे जाणार ते तिला इतरांच्या आधी कळतं. फॉरवर्डला नुसती पळायची, मागून ती अख्खी मॅच चालवेल." हे तिला सांगितलंत का? "सांगायला काय, खेळताना कळेलच की." त्यांना स्वतःला असंच शिकवलं गेलं होतं. त्यात दुष्टावा नव्हता. पण घरी ही मुलगी आपल्याला मागे ढकललं म्हणून रडत होती आणि इकडे सर तिच्यावर संघ उभा करायच्या बेतात होते.

त्यांच्या परवानगीने मी एक संध्याकाळ सराव बघितला. बॉल गोळा करायचं काम फक्त धाकट्यांचं. आणि ही मुलगी मागून समोरचं सगळं बघत असूनही तोंड उघडत नव्हती. हाफला खेळणाऱ्याने सतत आवाज द्यायचा असतो: डावीकडे माणूस आहे, मागे ये, सोड. समोर अकरावी-बारावीच्या ताया. त्यांना "मागे ये" कसं म्हणायचं?

सरांना मी फार काही सुचवलं नाही. रोज सरावानंतर एका मुलीशी दोन मिनिटं बोला: तुझं संघातलं काम काय, आणि या महिन्यात काय सुधारायचं. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला 1996 आणि 2000 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकून देणारे रिक चार्ल्सवर्थ एकाच कर्णधारावर संघ सोडत नसत, जबाबदारी अनेकींत वाटायचे, हे सरांना ठाऊक होतं. त्यातून त्यांनीच वाट काढली. बॉल गोळा करणं सगळ्यांचं, मोठ्यांपासून सुरुवात. टर्फवर आवाज देताना ताई-दीदी नाही, सगळ्यांना छोटी टोपणनावं. आणि बाहेर आलेल्या मुलीला बाकावरच्या पहिल्या मुलीने पाण्याची बाटली द्यायची, बोलायचं. पहिले काही दिवस हे कृत्रिम वाटलं, मुली हसायच्या. मग अंगवळणी पडलं.

मुलीसोबत मी पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यातले तुकडे पाहिले, ब्रिटनविरुद्धचे. अमित रोहिदासला 17 व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना भारत 10 जणांवर खेळला. मधल्या फळीतला, माजी कर्णधार मनप्रीत सिंग बचावात उतरला. 1-1 बरोबरी, मग बरोबरी फोडण्यासाठीच्या शूटआउटमध्ये भारत 4-2 ने जिंकला. तिने मनप्रीत बोट दाखवून कुणाला काय सांगतोय तेवढंच पुन्हा पुन्हा लावून बघितलं. राइट हाफ ही शिक्षा नाही, हे त्यानंतर मला सांगावं लागलं नाही.

अकादमी कधीच बदलू नये असं मात्र मी म्हणत नाही. मारहाण, शरीरावरून किंवा जातीवरून टोमणे, दुखापतीत खेळायची सक्ती, नको तो स्पर्श, यातलं काहीही असेल तर समजुतीच्या गप्पा मारत बसू नका. मुलीला त्याच दिवशी बाहेर काढा. लैंगिक छळ असेल तर पोलिसांत तक्रार करा. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि मुलगी स्वतः, शांतपणे, हंगाम संपल्यावर "मला आता हे खेळायचं नाही" म्हणाली तर तेही ऐका. पण फक्त ती बाहेर बसते म्हणून अकादमी बदलायची असेल तर आधी सरांना विचारा की तिच्याकडून त्यांना काय हवंय. फलटण तालुक्यातून अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ यांच्यासारख्या मुली भारतीय संघापर्यंत पोचल्या. मातीवरून टर्फवर येऊन पुन्हा शिकायचं धैर्य आपल्या पोरींत आहे. वेळ आपण द्यायला हवा.

या वर्षीच्या जिल्हा संघात तिची निवड झाली नाही. ती रडली, दोन दिवसांनी सरावाला गेली. पोटदुखी अधूनमधून होते, परीक्षेच्या आधी जास्त. वडिलांनी मिनिटं मोजणं सोडलंय, निदान तिच्या देखत तरी. दहावीच्या क्लासची वेळ आणि सराव एकत्र येतोय, हा आता आईचा नवा प्रश्न आहे. परवा मुलीने मला फोन केला, पण सल्ल्यासाठी नाही. सरांशी ती आधीच बोलली होती, आठवड्यातले चार दिवस ठरले होते, तेवढं कळवायला.