नागपुरात खाजगी नोकरी करताना ऑफिसात हळूहळू स्त्री म्हणून वावरायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात चार वर्षं झाली, सगळे पुरुष म्हणून ओळखतात, आणि वर्षभरात स्त्री म्हणून यायचंय. पण एका सोमवारी एकदम साडी नेसून नाही. हे जमतं. फक्त क्रम नीट लावा: जे पूर्ववत करता येतं ते आधी, कागदपत्रं सगळ्यात शेवटी.

केस आजपासूनच वाढवा. महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षात जेमतेम कानाखाली. दर दीड महिन्यानी फक्त मानेवरचे कापून घ्या, पुढचे-बाजूचे राहू द्या. नाहीतर मागे झुपका लोंबतो. भुवयांना आकार देऊ नका, आधी दोन-तीन महिने फक्त खालचे विखुरलेले केस काढा.

दाढीचं लेझर नागपूरच्या हवामानाकडे बघून ठरवा. चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानी सहा-आठ किंवा जास्त बैठका लागतात, आणि उन्हानं रापलेल्या त्वचेवर भाजण्याचा, काळे डाग पडण्याचा धोका असतो. दिवाळीनंतर सुरू केलं तर होळीपर्यंत चार-पाच होतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीवर फिरणं असेल तर थांबा. आपल्या सावळ्या रंगाला एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित, क्लिनिकमध्ये कोणतं मशीन आहे ते आधी विचारा. बैठकीआधी महिनाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा चिमट्यानं उपटणं बंद. मूळच नसेल तर लेझर काम कशावर करणार? रेझर चालतो. पांढऱ्या केसांवर लेझरचा उपयोग होत नाही. तोवर दाढीच्या निळसर छटेवर नारिंगी करेक्टरचा पातळ हात आणि वर कॉम्पॅक्ट. जाड थर पंचेचाळीस अंशात दुपारपर्यंत ओघळतो.

कपड्यांत सीताबर्डीवरून एकदम दहा कुर्त्या आणू नका. खांदे रुंद असतील तर रेडिमेड कुर्ती मुंढ्यात काचते, आणि मोठा साइझ घेतला की पोटावर झोळ येतो. टेलरकडून एकच शिवून घ्या, खांदा आणि मुंढा वेगळे मोजायला सांगा. बरोबर बसली की तिच्यावरून बाकीच्या. मधल्या टप्प्यात साधी सरळ पँट आणि आखूड सुती कुर्ता पुरतो. उन्हाळ्यात नागपूरच्या बायका दुपट्टा डोक्याभोवती गुंडाळूनच गाडी चालवतात, त्यामुळे येता-जाता तुमच्याकडे कुणी वळून बघणार नाही.

खरी कसरत भाषेची. मराठीत आपण क्रियापदातूनच लिंग सांगतो: 'आलो', 'करतो', नागपुरी 'करून राहिलो'. पहिले काही महिने अशी वाक्यं निवडा की प्रश्नच येणार नाही. 'मी मेल पाठवला', 'मी जेवण केलं', 'मला निघायचंय', 'मी उद्या येईन' ही वाक्यं कुणाच्याही तोंडी सारखीच. अडचण 'गेलो', 'बसलो', 'थकलो' आणि वर्तमानकाळाची ('करतो', 'करतोय'). 'थकलो' ऐवजी 'थकवा आलाय' म्हणा. आधी चॅटवर सराव करा, तिथं विचार करायला दोन सेकंद मिळतात. जाहीर केल्यावर मात्र पहिल्या दिवसापासून न चुकता 'आले', 'करते' म्हणा. तुम्हीच अडखळलात तर 'साहेब'वरून 'मॅडम'वर यायला लोकांना दुप्पट वेळ लागतो.

जाहीर कधी करायचं? बदलाला साधं कारण ('केस वाढवतोय') पुरेनासं झालं की लगेच. यात बरेच जण उशीर करतात, मग चहाच्या टपरीवर गोष्ट तयार होते आणि तुमच्या आधी साहेबांपर्यंत पोचते. आधी एक विश्वासाचा सहकारी, मग वरिष्ठ, मग एचआर, आणि हे तिन्ही एकाच आठवड्यात उरका. एचआरशी बोलताना चार गोष्टी लेखी मागा: नाव आणि संबोधन कोणत्या तारखेपासून, मेल व आयकार्डावर काय, कोणतं बाथरूम, आणि टीमला कोण सांगणार. बाथरूमचं आधी ठरवलं नाही तर पहिली तक्रार हमखास तिथूनच येते. घरी माहीत नसेल तर ऑफिसातून घरी फोन जाणार नाही हेही मागून घ्या.

2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम 9 नुसार नोकरीत, बढतीत भेदभाव करता येत नाही, आणि कलम 11 नुसार आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा असतो. तो कोण हे नाव बैठकीआधीच विचारून ठेवा. याच कायद्याखाली मिळणाऱ्या तृतीयपंथी ओळखपत्राचे नियम मात्र अर्ज करायच्या दिवशीचे ताजेच वाचा. नागपुरात सारथी ट्रस्ट या समुदायासोबत काम करतो, एकट्यानं धावपळ करू नका.

कागदपत्रांत आधी आधार, मग पॅन, बँक, शेवटी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक). पगारपत्रकातलं नाव आधारच्या आधी बदललं तर पीएफचा दावा नाव जुळत नाही म्हणून अडकतो. आधारवर नाव दोनदाच आणि लिंग एकदाच बदलता येतं, तेव्हा नवं नाव आधी सहा महिने ऑफिसात वापरून बघा.