परक्यांच्या नजरेतला आपला देश

प्रश्न : ताई, माझी मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी करते. दुपारी जेवायला बसली असताना एका सहकाऱ्यानं तिला मोबाइलवर रील दाखवलं. गटाराला लागून हातगाडी, आणि विक्रेता कोपरापर्यंत हात घालून मसाला कालवतोय. ‘तुम्ही घरी हेच खाता का?’ असं त्यानं विचारलं. तेव्हापासून ती डबाच नेत नाही. परदेशी व्लॉगर इथं येऊन मुद्दाम घाण शोधतात आणि जगभर दाखवत सुटतात. अशांना व्हिसाच देऊ नये, असं तुम्हाला वाटत नाही का?
– एक आई, सातारा

उत्तर : तुमच्या लेकीनं डबा न्यायचं सोडलं, हे वाचून मला फार लागलं. त्या सहकाऱ्याचं वागणं चुकीचंच होतं आणि तिनं ते त्याला तोंडावर सांगायला हवं. व्हिसाबद्दल मात्र मला तुमचं म्हणणं पटत नाही.

मराठी दैनिकात आंतरराष्ट्रीय पानावर मी अनेक वर्षं रात्रपाळी केली. नैरोबीची बातमी आमच्याकडे यायची ती बहुधा तिथं स्फोट झाला की. एरवी त्या शहरात लोक कामाला जातात, मुलं शाळेत जातात, तिथली मराठी मंडळी गणपती बसवतात, यातलं काही वृत्तसंस्थांच्या कॉपीत नसायचं. ती कॉपी लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. त्याला आफ्रिकेबद्दल जेवढं आधीच ठाऊक, तेवढ्यातच ती फिरायची. साताऱ्याच्या वाचकालाही मग तोच केनिया मिळायचा. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी केनियावरूनच देते.

मार्च २०१२ मध्ये नैरोबीच्या एका बसस्थानकावर हातबॉम्ब फेकले गेले, माणसं गेली. सीएनएन या अमेरिकी वृत्तवाहिनीनं पडद्यावर पट्टी लावली, ‘केनियात हिंसाचार’. जणू सगळा देश पेटलाय. केनियातल्या लोकांनी ट्विटरवर ‘समवन टेल सीएनएन’ (कुणीतरी सीएनएनला सांगा) हा हॅशटॅग चालवला आणि वाहिनीच्या तिथल्या वार्ताहराला माफी मागावी लागली. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत परदेशी पत्रकार दंगलीची वाट बघत थांबले होते, तेव्हाही लोकांनी ट्विटरवरच त्यांना धारेवर धरलं. जुलै २०१५ मध्ये ओबामा केनियाला निघाले, तर त्याच वाहिनीनं लिहिलं की ते नुसते आपल्या वडिलांच्या देशात नव्हे, तर दहशतवादाच्या आगरात निघालेत. पुन्हा तोच हॅशटॅग. ऑगस्टमध्ये वाहिनीचे वरिष्ठ अधिकारी टोनी मॅडॉक्स स्वतः नैरोबीला गेले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली.

या लोकांचं जगानं का ऐकलं, ते नीट बघा. केनियात दहशतवाद नाही, असं त्यांच्यातल्या कुणी म्हणत नव्हतं. सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलमध्ये ६७ माणसं मारली गेली होती, एप्रिल २०१५ मध्ये गारिसा विद्यापीठात १४८. त्याबद्दल स्वतःच्या सरकारला जाब विचारणारी हीच मंडळी होती. त्याच्याही आधीचं सांगते. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तिथं खरोखरच दंगली पेटल्या, हजारावर माणसं मेली आणि सरकारनं थेट प्रक्षेपण बंद पाडलं. तेव्हा ‘केनियन पंडित’ नावाचा ब्लॉग लिहिणाऱ्या ओरी ओकोलो यांनी हाक दिली, की कुठं काय घडतंय ते नकाशावर मांडूया. जानेवारी २००८ मध्ये त्यातून ‘उशाहिदी’ उभं राहिलं. लोक एसएमएस आणि ईमेलनं खबर पाठवायचे आणि ती नकाशावर चढायची. २०१० च्या हैती भूकंपात हीच यंत्रणा वापरली गेली. आपल्या घरातली आग ज्यांनी स्वतः नोंदवली, त्यांनीच पुढे ‘आज इथं आग नाही’ म्हटलं, म्हणून जगाला ते खरं वाटलं.

शेजारच्या इथिओपियात उलटं झालं. १९८४ मध्ये उत्तरेत दुष्काळ होता, यादवी चालू होती, आणि लष्करी राजवट सप्टेंबरात क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनाचा थाटमाट करत होती. तोवर पत्रकारांना उत्तरेकडे जाऊ दिलं नाही. २३ ऑक्टोबरला बीबीसीवर मायकेल ब्युर्क यांचा उत्तरेतल्या कोरेमहून केलेला वृत्तांत लागला. चित्रण नैरोबीच्या मोहम्मद अमीन यांचं होतं. ते दोघे गेले नसते तर आणखी किती जीव गेले असते कुणास ठाऊक, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण देशानं स्वतःबद्दल जगाला दुसरं काहीच सांगू दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते एकच चित्र पुढची कित्येक वर्षं पुसलं गेलं नाही. १८९६ ची अडवाची लढाई जिंकून इटलीला परतवणारा देश, लालिबेलाला खडकात कोरलेली चर्चेस असलेला देश, आपल्याकडेही अनेक घरांत फक्त हाडाच्या सापळ्यांसारख्या मुलांवरून ओळखला गेला. त्या उपासमारीत युद्धाचा आणि सरकारी धोरणांचा हात केवढा होता, हेही त्या चित्रात दिसत नव्हतं.

दार लावून घेतलं की असं होतं. शिवाय तुम्ही म्हणता तसली कितीतरी रील्स आपल्याच पोरांनी व्ह्यूजसाठी काढलेली असतात. परदेशातली पानं ती उचलतात, गावाचं आणि गाडीचं नाव कापून टाकतात आणि खाली ‘भारत’ एवढंच लिहितात. व्हिसा कुणाचा अडवणार?

लेकीला डबा न्यायला सांगा. त्या हातगाडीची बाजू तिनं मुळीच घेऊ नये. गटाराशेजारचं अन्न आपणही खात नाही, असं सरळ सांगावं. मग डब्यात काय आहे, कांदा-लसूण मसाला उन्हाळ्यात घरी कसा होतो, मिरच्या कुठल्या, डंकावर कोण जातं, ते सांगावं. तो रीलवाला ऐकेल न ऐकेल, टेबलावरचे बाकीचे ऐकतील.

प्रश्न : मंगळयानावरच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या व्यंगचित्रावर आपण एवढे संतापलो. त्यातून मिळालं काय?
– निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : सर, संताप रास्त होता. २४ सप्टेंबर २०१४ ला यान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत गेलं, खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. त्याच आठवड्यात त्या वृत्तपत्रानं गाय घेऊन आलेला शेतकरी ‘एलिट स्पेस क्लब’चं दार ठोठावतोय असं चित्र छापलं. संपादकीय पानाच्या संपादकांनी पुढे माफी मागितली, ती मागायलाच हवी होती.

पण माझ्या मनात त्या आठवड्यातलं दुसरंच चित्र राहिलंय. इस्रोच्या बंगळूरच्या केंद्रात यान कक्षेत गेल्यावर हसणाऱ्या, एकमेकींना टाळ्या देणाऱ्या बायका. काठापदराच्या साड्या, केसांत गजरे. तो फोटो एका वृत्तसंस्थेचा होता आणि जगभर गेला. त्या बायका प्रशासकीय कर्मचारी होत्या, असं इस्रोनं पुढे स्पष्ट केलं, पण मोहिमेत महिला शास्त्रज्ञही होत्याच, आणि अवकाशशास्त्रज्ञ कसा दिसतो याबद्दलची लोकांची कल्पनाच त्या फोटोनं हलवली. तो छायाचित्रकार त्या वेळी तिथं हजर होता, एवढ्यानं ते झालं. आपल्या संस्थांनी छायाचित्रकारांना आत घ्यावं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले आहे.

प्रश्न : काकू, मी मालवणजवळच्या किनाऱ्यावर राहतो. रापण (किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं), सुकी मासळी, होड्यांची डागडुजी यांवर व्हिडिओ करतो, खाली इंग्रजी ओळी देतो. बाहेरच्या देशांतले लोक बघतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर प्लास्टिकचा खच आला, तो मी दाखवला. गावात लोक चिडले. ‘पर्यटक येणार नाहीत, बाहेर गावाचं नाव घालवतोस’ म्हणाले. व्हिडिओ काढून टाकू का?
– एक तरुण, सिंधुदुर्ग

उत्तर : काढू नकोस रे बाबा. पण आहे तसा अर्धाही ठेवू नकोस.

गावकऱ्यांची भीती खोटी नाही. त्यांचं पोट न्याहारी-निवासावर आणि होडीवर आहे. तुझ्या व्हिडिओत फक्त कचरा असेल, तर कुणीतरी त्याचे दहा सेकंद कापून खाली ‘भारतातले समुद्रकिनारे’ असं लिहून लावेल आणि तुझं गाव त्यात उरणार नाही. म्हणून त्याच व्हिडिओत पुढचं घाल. पावसात खाडीतून काय वाहून येतं, समुद्र काय टाकतो, किनारा कोण झाडतं, गोळा केलेलं कुठं जातं, ग्रामपंचायतीकडे गाडी आहे की नाही. रापण ओढणाऱ्यांना विचार, जाळ्यात मासळीबरोबर काय काय येतं. पर्ससीन (मासळीच्या थव्याला घेरणारं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या झोतात होणाऱ्या मासेमारीविरुद्ध पारंपरिक मच्छीमार इतकी वर्षं लढताहेत, तेही बाहेरच्या प्रेक्षकाला ठाऊक नसतं. ते तुझ्याइतकं जवळून कोण सांगणार?

धारावीचं आठव. एप्रिल २०२० मध्ये तिथं करोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा आता तिथं हाहाकार होणार असं देशोदेशींच्या माध्यमांनी गृहीत धरलं होतं. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं. त्यानंतर जगभरात ज्या बातम्या आल्या, त्यांत एकेका खोलीत राहणारी कुटुंबं होती, सार्वजनिक शौचालयांपुढच्या रांगा होत्या. आणि ती शौचालयं पुन्हा पुन्हा निर्जंतुक करणारे पालिकेचे कर्मचारी, घरोघर ताप तपासणारे खासगी डॉक्टर, शाळांत उघडलेली विलगीकरण केंद्रंही होती. अडचण दाखवली म्हणूनच काम केवढं मोठं होतं ते कळलं.

व्हिडिओच्या चौकटीत गावाचं नाव, महिना आणि वर्ष कायम दिसू दे, म्हणजे कापला तरी ते सोबत जाईल. इंग्रजी ओळी लिहिताना ‘इंडिया’ लिहायचा मोह टाळ, वाडीचं नाव लिही. प्रसिद्ध करण्याआधी रापणीच्या मंडळींना एकदा दाखव. त्यांनी काही चूक काढली तर दुरुस्त कर, पण कचऱ्याचा भाग काढायला सांगितलं तर ऐकू नकोस. त्याऐवजी त्यांनाच कॅमेऱ्यासमोर बोलायला सांग.