तुमची गाडी, तुमचे प्रश्न : थरथर नेमकी कुठून येते?

प्रश्न : माझी २००८ सालची पेट्रोल गाडी आहे. यजमान गेल्यापासून मीच चालवते. दर एकादशीला मोहोळमार्गे पंढरपूरला जाते, एरवी ती होटगी रोडवर घरासमोर उभीच असते. तीन महिने झाले, सत्तरच्या पुढे गेलं की गाडी थरथरते. तीस-पस्तीसलासुद्धा सीट डावी-उजवीकडे डुलल्यासारखं वाटतं. स्टिअरिंग तसं शांत असतं. व्हील बॅलन्सिंग दोनदा झालं, अलाइनमेंट झालं, इंजिनची माउंटिंग (इंजिनाखालचे रबरी आधार) बदलली. साडेआठ हजार गेले. आता म्हणतात, गाडी जुनी झाली, काढून टाका. टायरची नक्षी मात्र अजून चांगली खोल आहे. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, गाडी विकू नका. पण मागचे टायर तपासून होईपर्यंत ती पंढरपूरला नेऊही नका. घराजवळच्या गॅरेजपर्यंत हळू न्या, तेवढंच.

तुम्ही पत्रात दोन गोष्टी फार मोलाच्या लिहिल्या आहेत. एक, तीस-पस्तीसलाही डुलते. दोन, सीट हलते, स्टिअरिंग नाही. यातच बरंचसं निदान आहे, आणि पार्ट बदलण्याआधी कुणी तुम्हाला एवढं विचारलं असतं तर माउंटिंगचे पैसे बहुधा वाचले असते. माउंटिंग गेलेली असली तर गाडी जागेवर उभी असतानाही, रेस दिली की हादरते. तशी तक्रार तुमची नाहीच.

आता बॅलन्सिंग. तुमच्यासारख्या लहान गाडीचं चाक ताशी ऐंशीच्या वेगाला सेकंदाला साधारण १२-१३ फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला ३० ग्रॅम वजन जास्त असलं, तर त्या वेगाला ते साडेतीन किलोच्या जोराने चाकाला खेचतं. पण हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसच्या वेगाला तो एक चतुर्थांशच उरतो आणि सहसा जाणवतही नाही. म्हणून तीसला डुलणारी गाडी बॅलन्सिंगने सुधारत नाही, दोनदा करा नाहीतर दहादा. तिथे चाकाचा आकारच बिघडलेला असतो. टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटून फुगा आलेला असतो, किंवा रिम वाकलेली असते. बॅलन्सिंगचं साधं मशीन वजन कुठे कमी-जास्त आहे ते दाखवतं, गोलाई मोजत नाही. आणि स्टिअरिंग शांत असून सीट हलते, म्हणजे संशय मागच्या चाकांवर.

नक्षी खोल आहे म्हणून टायर चांगला, हा समज सोडून द्या. कमी फिरणाऱ्या गाडीची नक्षी झिजत नाही, पण रबर म्हातारं होतच असतं, आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तर तुम्ही जाणताच. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१६ असेल तर तो २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. बाहेरच्या बाजूला आकडे नसले तर आतल्या बाजूला पाहायला सांगा. स्टेपनीचेही पाहा. न वापरलेली स्टेपनी नवी दिसते, पण बहुतेक वेळा तीही तेवढीच जुनी असते.

गॅरेजमध्ये मागचं चाक उचलून हाताने फिरवायला सांगा. त्यासाठी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून आधी पुढच्या दोन्ही चाकांना अडण लावायची, गिअर टाकून ठेवायचा आणि गाडी जॅकवर न सोडता स्टँडवर घ्यायची. घरी एकटीने हे करू नका. टायरजवळ स्क्रूड्रायव्हर स्थिर धरायचा आणि मधली फट पाहायची. रिम सरळ फिरते आणि नक्षी मात्र एका ठिकाणी वर येते, तर टायर गेला. तो त्याच दिवशी बदला. असा टायर हायवेवर फुटू शकतो. रिमच नागमोडी फिरत असेल तर दोष रिमचा किंवा हबचा, म्हणजे रिम ज्यावर बसते त्या भागाचा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खडखडलं तर बेअरिंग पाहायचं. आणि सगळ्यात आधी, दोन मिनिटांत, चाकांचे नट पान्याने तपासून घ्यायचे.

एक अनुभव सांगतो. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातून आलेल्या एका गाडीचं बॅलन्सिंग मी स्वतः केलं होतं. तीन दिवसांनी ती पुन्हा थरथरत दारात. रिमच्या आत वाळलेला चिखल होता. मी त्या चिखलासकट वजनं लावली आणि नंतर अर्धा चिखल रस्त्यात गळून पडला. तेव्हापासून रिम आतून धुतल्याशिवाय मी चाक मशीनवर चढवत नाही. तुम्हीही आधी धुवायला सांगा.

दोष तरीही सापडला नाही, तर मोकळ्या रस्त्यावर शेजारी जाणकार माणूस बसवून, थरथर सुरू झाली की पाय उचलून क्षणभर न्यूट्रल करा. चावीला हात लावायचा नाही. थरथर तशीच राहिली तर चाकांकडे, थांबली तर इंजिन आणि एक्सलकडे (इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारा दांडा) शोधायचं. जोर दिला की थरथर आणि पाय उचलला की शांत, असं असेल तर एक्सलचा आतला जॉइंट पाहावा.

प्रश्न : सात रस्त्याच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की चार सिलिंडरची जुनी गाडी आतून धडधडते. चालताना ठीक. क्लच बदलायला सांगितलंय.

उत्तर : क्लचला हात लावू नका. क्लचची थरथर गाडी जागेवरून सुटताना येते, उभ्या गाडीत नाही. तुमची गाडी बहुतेक मिसिंग करतेय, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटत नाही. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटतो. एक पेटेनासा झाला की तो हादरा लगेच कळतो, आणि एसीचा भार आला की वाढतो. प्लग, मग कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तपासा, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून घ्या. सगळं ठीक निघालं तर माउंटिंग. मिसिंग अंगावर काढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो जळतो, आणि तो पार्ट प्लगच्या कैकपट महाग आहे.